चांगल्या गालावरची थापड

आबा, तुमचं तोंड शेवटी मीच उघडलं.

तुम्ही पहाटे गेलात. माणसं जमेपर्यंत ऊन अंगणात आलं होतं. तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घालायचं म्हणून चारजण पुढे झाले आणि चौघेही मागे सरले. जबडा घट्ट मिटलेला, गळा सुजून हनुवटीला लागलेला. कुणी म्हणालं, चमचा घाला. कुणी म्हणालं, ओठांवरच ठेवा पान. मी म्हटलं, सरका. तुमच्या उशाशी बसले, तुम्हीच शिकवलं होतं तसे दोन्ही अंगठे कानाखाली जबड्याच्या कोनात रोवले आणि सगळा जोर लावून खाली ओढलं. कडकन आवाज झाला. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. पाच दिवस हात जोडले तरी तुम्ही जे तोंड माझ्यासमोर उघडलं नाहीत, ते उघडलं. आत नुसता पू होता आणि त्यात ती दाढ उभी होती. मी बोटानं हलवली, तर हातातच आली.

मला रडू आलं नाही. तुमचा इतका संताप आला, की ती दाढ मी भिंतीवर फेकून मारली. आईनं ती कोपऱ्यातून शोधून तुमच्या उपरण्याच्या टोकाला बांधली. ती तुमच्याबरोबर जळाली असेल. लोक म्हणाले, सगुणाला दुःखानं भ्रम झाला. भ्रम कसला? जन्मभर दुसऱ्यांच्या दाढा उपटणारा माणूस स्वतःच्या एका दाढेपायी मेला, आणि ती काढायची पकड माझ्या हातात होती. माणसानं चिडू नये तर काय करावं?

भेटायला माणसं येतात. आपल्या उत्रोलीतलं तर एक घर राहिलं नाही. जो येतो तो आधी डोळे पुसतो आणि मग गालावरून हात फिरवत तुमच्या थापडीची गोष्ट सांगतो. परवा भोंगवलीची एक म्हातारी म्हणाली, "माज्या नवऱ्यानं मला जलमात हात लावला न्हाई, सासऱ्यानं न्हाई. फकस्त तुज्या बानं मारली, आन ती लई गुनाची निगाली." सुतकातल्या घरात एवढं हसणं कुठे झालं नसेल.

भात निघालं, खळी उरकली, की आपल्या अंगणात गाड्या सुटायच्या. वेल्ह्याच्या वरच्या अंगाचे धनगर तर पोराबाळांसकट पायी उतरायचे. एकटं माणूस आलं तर तुम्ही त्याला परत लावायचात. "एकाची दाढ दुखती म्हंजे घरात चौगांची किडलीया. समदं घर आना, मगच हात लावनार." मग सासू, सुना, कारभारी, काखेतली पोरं, सगळे रांगेनं ओट्यावर बसायचे आणि तुम्ही एकेकाचं तोंड उन्हाकडे करून बघायचात. पोरांना बाभळीची काडी कशी चावायची ते दाखवायचात. बायकांना मिशरीवरून शिव्या घालायचात. मला तर अजून घालत होतात. मी मिशरी सोडली नाही, आणि तुम्ही बोलायचं सोडलं नाहीत. तुम्ही गेल्यापासून मी ती लावलेली नाही. ओरडणारंच कुणी नसलं की चव लागत नाही.

तुमची ती पकड बसऱ्याची, समुद्रापल्याडची. मोठ्या लढाईत तुम्ही तिकडच्या दवाखान्यात दातांच्या साहेबाच्या हाताखाली होतात आणि येताना पकड आणि उकळत्या पाण्याचं वेड, दोन्ही घेऊन आलात. थापड मात्र तिकडची नव्हती, ती तुमच्या आईची होती. पायातला काटा काढायच्या आधी ती पाठीत एक सणसणीत द्यायची. पोर त्या दणक्याकडे बघेपर्यंत काटा बाहेर. तुम्ही तेच दातांना लावलंत. डाव्या हातानं गालावर थापड, माणसाचा आ वासला की उजव्या हातातली पकड आत, आणि तो बोंबलेपर्यंत दात बाहेर.

पण तुमची शिस्त होती. थापड चांगल्या गालावर. सुजलेल्या गालाला तुम्ही कधी बोट लावलं नाहीत. पहिला मान घरातल्या कारभाऱ्याचा, कारण आजाला थापड बसलेली बघितली की नातवंडांची भीती पळायची; ती खदाखदा हसायची आणि आपली पाळी कधी येते म्हणून भांडायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, आधी सांगायचं. तुम्ही म्हणायचात, "सांगून मारली ती थापड. न सांगता मारली तर तो मार झाला." ते सांगायचं काम माझं. मी मागे उभी राहून माणसाचं डोकं दोन्ही हातांत धरायचे आणि म्हणायचे, "थापड बसंल, राग मानू नका." तुम्ही हात वर धरून माझं बोलणं होईपर्यंत थांबायचात. पोरीच्या जातीनं परक्या पुरुषाचं डोकं धरायचं, यावर गावात कुजबूज झाली, तेव्हा तुम्ही बोलणाऱ्यालाच ओट्यावर बोलावलंत, "मंग ये, तू धर." तो रक्त बघून आडवा झाला आणि कुजबूज तिथंच संपली.

एकदा वरच्या वाडीवरचं एक घर आलं होतं. धाकट्या सुनेचा पुढचा दात अर्धा तुटलेला. तिनं सांगितलं, दगडावर पडले. तिच्या नवऱ्याचे दात शंखासारखे धड होते, तरी त्याला म्हणालात, "तुजी दाढ हालतीया वाटतं. बस." मी नेहमीचं बोलले. त्यानं मान डोलावली. तुम्ही अशी एक ठेवून दिलीत की तो पाटावरून घसरला. मग त्याच्या तोंडात डोकावून म्हणालात, "न्हाई रं, चांगली हाय. ऊट." मी तेव्हा आत जाऊन पोट धरून हसले. माझं लग्न व्हायचं होतं, म्हणून हसू शकले.

लग्नानंतरचं मी कधी तुमच्यासमोर बोलले नाही. आता बोलते.

किकवीला दिलंत मला. घर चांगलं बघून दिलंत, त्यात तुमची चूक नाही. सहा महिन्यांनी मी एकटी चालत माहेरी आले. ओठ फुटला होता, पाठीवर चाबकाचे वळ होते. बैलाच्या चाबकाचे, आबा. तुम्ही दारात उभे होतात. मी वर पाय ठेवायच्या आत तुमचा हात माझ्या गालावर बसला. "नांदायला दिलीया तुला. माघारी फिर." मागून डोकं धरायला कुणी नव्हतं, आधी सांगायला कुणी नव्हतं. मी ओट्याच्या कडेवर आपटले. आई मधे आली, तिला तुम्ही ढकललंत. त्याच पावली मी परत गेले.

सासरच्यांनी मग ओळखलं की हिला परत जायला जागा नाही. नवऱ्याचा मार वाढला. वर्षभरानं त्यानं मुसळाच्या टोकानं माझ्या तोंडावर मारलं. पुढचा एक दात मुळाशी मोडला आणि मी तोंडात पदर कोंबून पुन्हा उत्रोलीला आले. या वेळी दारात थांबले. वर पाय ठेवला नाही. तुम्ही बाहेर आलात, माझ्या पदराचं रक्त बघितलंत आणि पाणी उकळायला ठेवलंत.

आईनं माझं डोकं धरलं. ती म्हणाली, "थापड बसंल, राग मानू नको, बाय." तुम्ही हात वर केलात. तो तसाच राहिला. मग खाली आला. तुम्ही थापड मारली नाहीत. मूळ तसंच काढलंत, खोदून खोदून, तीन तुकड्यांत. मला सगळं कळलं, एकेक तुकडा कळला. मी ओरडत होते आणि तुमच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या तोंडात पडत होतं. तेव्हा मला वाटलं होतं, मारायची होती तेव्हा मारली नाहीत, नको होती तेव्हा मारलीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला चौकीवर नेलंत. फौजदारसाहेब पान लावत बसले होते. मी पदर बाजूला करून तोंड दाखवलं. ते हसले. म्हणाले, "दात बत्तीस असतात म्हाताऱ्या. एक गेला, एकतीस राहिले. तेवढ्यावर नांदेल की." मागचा शिपाईही हसला. तुम्ही मुंडासं सारखं केलंत, रामराम घातलात आणि मला घेऊन बाहेर पडलात. मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी बोलाल. रस्ताभर मी तुमच्यावर जळत होते. किकवीला मात्र तुम्ही मला परत धाडलं नाहीत. सासरकडचे न्यायला आले तेव्हा कोयता घेऊन दारात उभे राहिलात.

चार महिन्यांनी तेच फौजदार आपल्या अंगणात आले. उजवा गाल हा एवढा फुगलेला, तापानं डोळे लाल. सगळं घर आणा, असं त्यांना म्हणायची सोय नव्हती. शिपाई घोडा धरून बाहेर थांबला. साहेबांनी मला ओळखलं नाही. असे कितीजणींचे दात त्यांनी मोजले असतील.

ते पाटावर बसले. मी मागे गेले, त्यांचं डोकं धरलं. तुम्ही पकड पाण्यातून काढलीत, डावा हात वर नेलात आणि नेहमीसारखे थांबलात. माझ्या बोलण्यासाठी.

मी बोलले नाही.

मी विसरले नव्हते, आबा. शब्द जिभेवर होते. मी ते गिळले आणि मान खाली घातली. मला त्या माणसाला मार बसलेला हवा होता. सांगून मारलेली थापड नको होती, मार हवा होता. तुम्ही थोडा वेळ थांबलात. मग जो आवाज झाला तसा तुमच्या हाताचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांचं डोकं माझ्या हातांतून निसटता निसटता राहिलं. मी मान वर केली तेव्हा दाढ पकडीत होती आणि साहेबांच्या खाकी कोटावर रक्त सांडत होतं. ते माझ्याकडे वळून बघत होते, आणि मला हसू फुटलं. पुढच्या दाताची ती मोकळी जागा दाखवून मी त्यांच्या तोंडावर हसले. आता त्यांनी ओळखलं. तुरटीच्या पाण्यानं गुळणी केली आणि घोड्यावर बसून गेले. त्यांची दाढ मी उकिरड्यावर फेकली आणि त्या संध्याकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सकाळी तुम्हाला घेऊन गेले.

तीन दिवसांनी कुणाच्या तरी गाडीतून तुम्ही आलात. पुढचे वरचे चार दात नव्हते. उजव्या हाताची तीन बोटं चिरडून काळी पडली होती, नखं नव्हती. आईनं विचारलं, काय केलं त्यांनी? तुम्ही म्हणालात, "पडलो." वाडीवरच्या त्या सुनेसारखंच, दगडावर पडलो. मी तुमच्या तोंडात बोट घालून मुळांचे तुकडे काढले. त्या वेळी सांगायचं होतं की आबा, चूक माझी आहे, मी मुद्दाम गप्प बसले. सांगितलं नाही. उद्या सांगेन म्हटलं. ते उद्या करता करता मी चाळिशीला आले.

ती बोटं पुन्हा मिटली नाहीत. पकड धरता येईना. दात दुखणारी माणसं येतच होती आणि तुम्ही ओट्यावर बसून त्यांना परत लावत होतात. एके दिवशी भोंगवलीचा एक म्हातारा परत जाईना, अंगणात लोळायला लागला. तुम्ही पेटी माझ्याकडे सरकवलीत. "काड."

त्या दिवसापासून आपली जागा बदलली. पकड माझ्या हातात, आणि मागे उभं राहून तुम्ही कोपरांत डोकं धरायचात. आणि त्याच दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. मी थापड मारीना. तुम्ही म्हणायचात, मार. मी म्हणायचे, मरेपर्यंत मी कुणावर हात उचलणार नाही. मी माझी वेगळी रीत काढली. माणसाला विचारायचं, तुमच्या गोठ्यात म्हशी किती? नावं सांगा बघू. तो पहिलं सांगतो, दुसरं सांगतो, तिसरं आठवताना तोंड उघडं राहतं, तेवढ्यात पकड आत. दात निघायचा. तुम्ही नाक मुरडायचात. "फशिवतीस तू. म्या सांगून मारायचो, तू गोड बोलून फशिवतीस. मारल्यालं मानूस इसरून जातं, फशिवल्यालं न्हाई."

"पन रक्त कमी येतं, आबा."

"रक्ताचं काय घिऊन बसलीस? परत म्हशीचं नाव घेताना त्याची दाढ दुखंल बग."

वर्षानुवर्षं हे भांडण चाललं. तुम्ही डोकं धरून माझ्या चुका काढायचात, मी पेशंटासमोर तुम्हाला गप्प करायचे. लोक म्हणायचे, दाढदुखी परवडली, पण हे बापलेक नकोत. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आणि मग ही दाढ. खालची, अगदी मागची.

पहिल्या दिवशी तुम्ही स्वतःच पाट मांडलात आणि बसलात. मी पाणी उकळलं. आई मागे उभी राहिली. मी म्हटलं, "आबा, बैलांची नावं सांगा."

"इकलं समदं बैल." तुम्ही दात आवळले. "थापड मार."

"न्हाई."

"आदी सांग, मंग मार, मंग काड. त्याबगार म्या तोंड उगडनार न्हाई."

मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट आहे, उद्या निवळेल. दुसऱ्या दिवशी सूज आली. मी रडले, भांडले. भोरच्या डॉक्टरकडे न्यायला गाडी जुंपून आणली, तुम्ही खांब धरून बसलात. "तूच काडायची. थापड मारून काडायची. येवढी येक मार की गं पोरी." तुम्ही गाल पुढे केलात, चांगला गाल. मी हात वर नेला, आबा. खरंच नेला. आणि तुमच्या त्या चिरडलेल्या बोटांकडे लक्ष गेलं. एका थापडीपायी ती तशी झाली, आणि ती थापड माझ्या गप्प बसण्यानं झाली. त्या हाताच्या माणसाला मी कशी मारू? हात खाली आला. तुम्ही डोळे मिटले आणि म्हणालात, "मंग ऱ्हाऊ दे."

चौथ्या दिवशी तुम्हाला तोंड उघडायचं असतं तरी उघडलं नसतं. जबडा बसला होता. मी अंगठे लावले तर तुम्ही किंचाळलात, आणि मी भिऊन सोडून दिलं. मेल्यावर जेवढा जोर लावला तेवढा जिवंतपणी लावायला हवा होता.

काल, नवव्या दिवशी, अंगणात एक गाडी सुटली. सत्तरीचा म्हातारा, बायको, मुलगा, सून, दोन नातवंडं. म्हाताऱ्याचा उजवा गाल सुजलेला. "आबा हायती का? समदं घर घिऊन आलोय." आईनं सांगितलं. तो ओट्यावर बसला. त्यानं उंबऱ्याकडे बघितलं. मग मला म्हणाला, "तू सगुना. मला वळकलं न्हाईस. चौकीवर म्या हुतो. आन त्या दिशी हितं घोडा धरून हुतो."

आईनं सुतक आहे म्हणून त्याला वाटेला लावायचं बघितलं. मी म्हटलं, दाढ सुतक बघत नाही. पाणी ठेवलं. तो पाटावर बसेना. म्हणाला, "आदी ऐक. मंग काडायची का न्हाई ते तुजं तू बग."

तो जे बोलला ते तुमच्यासमोर पुन्हा बोलते, कारण तुम्ही ते माझ्यापासून लपवलंत.

"तीन दीस मारलं म्हाताऱ्याला. मंग सायेब म्हनलं, नुसतं येवडं म्हन, की पोरगी सांगायची इसरली, चूक झाली. पोरीला हितं आनून माफी मागाया लावू, आन तुला सोडू. आबानं रक्त थुकलं. म्हनलं, पोरगी इसरली न्हाई. ती गप ऱ्हायली ते मला कळलं. म्या तिच्यासाटी थांबलो हुतो. मंग म्या मारली, आन सुजल्या गालावर मारली. दाडंसाटी आसती तर चांगल्या गालावर दिली आसती, सायेब. ती तुमच्या दाडंची नव्हती."

मी मान खाली घातली होती, आबा. कुठल्या गालावर बसली ते मी बघितलंच नव्हतं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग सायबानं दांडक्यानं तोंड फोडलं. चार दात पडलं. आबानं त्ये हातात घेतलं, मोजलं, आन म्हनलं, माजं अजून हायती. तुमचं मातुर एकतीसच ऱ्हायलं." म्हातारा रडायला लागला. "तवा सायेब म्हनलं, ह्येचा हात उंबऱ्यावर धर. म्या धरला. सायबानं बुटाची टाच दिली. हात म्या धरला हुता, सगुना. ह्या हातांनी."

त्याची नातवंडं अंगणात खेळायची थांबली होती. सून तोंडाला पदर लावून उभी. मी पकड पाण्यातून काढली. आईला म्हटलं, धर डोकं. आई जागची हलली नाही. मग त्याच्या मुलानंच पुढे येऊन बापाचं डोकं धरलं. म्हातारा पाटावर बसला आणि डोळे मिटून सुजलेला गाल माझ्याकडे केला.

माझा हात त्या गालासाठी शिवशिवत होता. खोटं कशाला बोलू? मला तो गाल फोडायचा होता, दाढ मुळासकट आत कोंबायची होती. मी त्याची हनुवटी धरून मान फिरवली. म्हटलं, "थापड बसंल, राग मानू नका." आणि चांगल्या गालावर दिली.

आयुष्यातली पहिली थापड. हात झणझणला. दाढ कशी आली ते मलाही कळलं नाही. नातवंडं आधी दचकली आणि मग धाकटं खुदकन हसलं. रक्तही फार आलं नाही. तुमचं खरं होतं आबा, माझ्या म्हशींपेक्षा तुमची रीत लवकर उरकते. एवढं मान्य करते, आणखी काही करणार नाही.

कारण तुम्हाला माहीत होतं. मी गप्प बसले ते मुद्दाम, हे तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. वाडीवरच्या त्या सुनेच्या नवऱ्याला पाटावर बसवलंत तेव्हाच मला तुमचा हात कळायला हवा होता. मी मात्र इतकी वर्षं तुमच्या मागे-पुढे फिरत ते एक वाक्य गिळत राहिले, आणि तुम्ही माझ्या मागे उभे राहून डोकी धरत राहिलात. एकदा तरी म्हणायचं होतंत, "पोरी, म्या जानूनबुजून मारली." मग त्या बोटांकडे बघून माझा हात खाली आला नसता. तुम्ही आज ओट्यावर बसून माझ्या मिशरीला शिव्या घालत असतात.

आणि त्या पाच दिवसांत तुम्ही काय मागत होतात, तेही मला काल कळलं. ती थापड दाढेसाठी नव्हती. मी फुटक्या ओठानं दारात उभी राहिले होते तेव्हा न सांगता जी मारलीत, ती तुम्हाला माझ्या हातून परत घ्यायची होती. तेवढ्यासाठी जीव दिलात. आबा, तोंडानं चूक झाली म्हणाला असतात तर चाललं असतं. मी ऐकलं असतं. पण तुम्ही काही सांगायचं म्हटलं की ते बोलायला तिसराच माणूस मागे उभा लागायचा.

आज दहावा. सगळे नदीवर गेलेत, बायकामाणसांना नेलं नाही. मी अंगणात पाट मांडला आहे. पाणी उकळलं आहे, उगाचच. माझा राग गेलेला नाही आणि तुमच्यावाचून हे घर मला खायला उठलं आहे, दोन्ही एकाच वेळी. तेव्हा या, बसा. मान मागे करा. डोकं धरायला आज कुणी नाही, तुमचं तुम्हीच धरा. सुजलेल्या गालाला मी बोट लावणार नाही.

थापड बसंल, आबा. राग मानू नका.